जुनी डिझेल गाडी रोजच्या कामाला: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत जुन्या डिझेल गाड्याच जास्त आहेत, आणि बहुतेकांना ती गाडी कामावर जायला हवी आहे. म्हणून उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत. क्रोम, पॉलिश, मूळ रंगाचा नंबर हे विषय पुढे कधीतरी घेऊ.

प्रश्न: १९८९ची अँबेसेडर डिझेल आहे, १४८९ सीसी, सीएव्ही पंप (डिझेल दाबाने इंजिनात सोडणारा इंजेक्शन पंप). घराकडे चढ असल्यामुळे तोंड वर करून लावावी लागते. सकाळी दोन-तीन मिनिटं सेल्फ मारल्यावर उचलते, मग दिवसभर एका झटक्यात. मेकॅनिक म्हणतो, इंजिन उतरवा. उतरवू का? (वाचक, पर्वरी)

अजून तरी नको. आधी दोन सकाळी द्या. त्यात खर्च जवळपास नाही, आणि दोष कुठल्या बाजूला आहे ते कळतं.

पहिल्या सकाळी चावीला हात न लावता बॉनेट उघडा आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) हाताचा दांडा वीस-तीस वेळा हलवा. सुरुवातीला दांडा पोकळ लागतो, डिझेल भरत आलं की हाताला भार जाणवतो. दांडा सुरुवातीपासून नुसताच लुळा हलत असेल तर पंपाखालचा कॅम नेमका वर येऊन थांबलेला असतो. इंजिन हाताने एक फेरा फिरवा, म्हणजे दांडा पकडेल. आता हीटर प्लग तापवून सेल्फ मारा. लगेच उचलली, तर रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरत होतं, म्हणजे कुठून तरी हवा शिरते आहे. तोंड वर असल्यामुळे टाकी खाली आणि पंप वर राहतो, म्हणून तुमच्याकडे हा दोष इतका उठून दिसतो. सपाटीवर लावली तर हीच गाडी कदाचित पाच सेकंदांत उचलेल.

दुसऱ्या सकाळी दांडा हलवू नका. कुणाला तरी सायलेन्सरकडे उभं करून सेल्फ मारा. धूर अजिबात नसेल तर सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत डिझेल पोचत नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग हीटर प्लग, बॅटरी, टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब), या क्रमाने जा.

हवा कुठून शिरते? टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात ओढ असते, दाब नसतो. तिथे रबराला बारीक चीर असली तरी बाहेर थेंब पडत नाही, फक्त आत हवा जाते. ‘कुठे गळत नाही’ म्हणून हा भाग सोडून देतात आणि थेट पंप उघडतात, ही नेहमीची चूक. टाकीजवळचे आणि चासीवरून इंजिनाकडे येणारे रबरी तुकडे सरसकट बदला. डिझेलला चालणारा होसच घ्या. पाण्याचा पाइप सहा महिन्यांत फुगून मऊ पडतो. बदलूनही शंका राहिली तर फिल्टर आणि सीएव्ही पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता बसवा. इंजिन चालू असताना त्यात बुडबुड्यांची माळ दिसली तर हवा फिल्टरच्या आधीच्या, टाकीकडच्या भागातून येते. चालताना स्वच्छ, पण सकाळी पाइप रिकामा असेल तर बंद अवस्थेत डिझेल मागे जातंय. मग फीड पंपाचे व्हॉल्व्ह आणि फिल्टरची रबरं पाहा.

सीएव्ही फिल्टरच्या डब्यात काडतुसाबरोबर नवी रबरं येतात. घाईत वरचं जुनं रबर खोबणीतच चिकटून राहतं आणि नवं त्याच्यावर चढवलं जातं. बोल्ट आवळला की दोन्ही तिरकी बसतात. जुनं रबर सुईने उचलून काढा, खोबण पुसा, नव्याला डिझेलचा हात लावून बसवा. पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टखालचे तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की कडक होतात. नवे मिळाले तर उत्तम. नाहीतर जुने गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं पुन्हा मऊ होतं. मग बारीक पॉलिश पेपरवर दोन्ही बाजूंनी घासून सपाट करा.

काम झालं की पाइपांत अडकलेली हवा (एअर) काढायची. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हाताने पंप करा आणि स्क्रू आवळा. मग सीएव्ही पंपाच्या अंगावरचा खालचा आणि वरच्या झाकणावरचा असे दोन्ही स्क्रू त्याच क्रमाने. शेवटी दोन नोझलांचे नट अर्धा फेरा सैल करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा आणि डिझेल उसळायला लागलं की नट आवळा. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. तुम्ही सध्या दोन-तीन मिनिटं मारता, त्याने सेल्फची वाइंडिंग जळेल, आणि तो खर्च या सगळ्या रबरांपेक्षा मोठा असेल.

पांढरा धूर निघाला तर हीटर प्लगची वायर सोडून प्रत्येक प्लग मल्टिमीटरवर तपासा. पेन्सिल प्लगचा रोध साधारण १ ओहम किंवा त्याहून कमी दिसतो. काहीच दाखवत नसेल तर तो गेला. जुन्या, उघड्या तारेच्या प्लगांची जोडणी एकामागून एक असते, त्यात एक गेला की सगळे थंड. बरोबरीने सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज बघा, ९.६च्या खाली जाऊ नये. बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात त्या वेळी ०.५ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी बदला. खाऱ्या हवेत ती वरून बरी दिसते आणि आतून हिरवी पडलेली असते. डिझेल दाबाच्या उष्णतेने पेटतं. सेल्फ संथ फिरला की ती उष्णता भिंतींतून निघून जाते.

हे सगळं करूनही सकाळी त्रास राहिला, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि मगच इंजिनाचं बोला.

प्रश्न: घरात १९६०ची मर्सिडीज १९०डी आहे. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवली तर कागदपत्रांची कटकट संपेल का? (वाचक, मडगाव)

कटकट कमी होईल, पण रोजचा वापरही संपेल. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. नियमित किंवा व्यावसायिक वापराला स्पष्ट मनाई आहे.

बाजारहाट याच गाडीने करायचा असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा. ती फिटनेस तपासणीनंतर दर वेळी पाच वर्षांसाठी वाढते. १५ वर्षांवरच्या मोटारीची फी एप्रिल २०२२पासून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५च्या दुरुस्तीने २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० रुपये लागतात. ‘आयात गाडी’ अशी नोंद असेल तर आकडा ८०,००० रुपये आहे, म्हणून आधी आरसीवर काय लिहिलं आहे ते पाहून आरटीओत विचारा. तुमचं आरसी जुन्या पुस्तिकेचं असेल तर त्याची माहिती ‘वाहन’ प्रणालीत चढली आहे का, तेही याच फेरीत बघा. ती चढल्याशिवाय नूतनीकरणाचा अर्ज पुढे सरकत नाही.

काही जण १० वर्षांच्या डिझेल बंदीची भीती घालतात. ती बंदी दिल्ली आणि राजधानी परिसरापुरती आहे, गोव्याला ती लागू नाही.

पीयूसीला (प्रदूषण तपासणीला) बीएस-४ मानकाच्या आधीच्या डिझेल गाड्यांसाठी धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक (धुराच्या दाटपणाचं माप) आहे. तपासणीआधी गाडी वीस मिनिटं चांगली पळवून, गरम असतानाच न्या. काठावर नापास होणाऱ्या निम्म्या गाड्या एवढ्यानेच आणि नव्या एअर फिल्टरने पास होतात.

प्रश्न: मर्सिडीज २४०डी (१९८२) चावी काढली तरी बंद होत नाही, गियर टाकून क्लच सोडून बंद करतो. हल्ली दरवाज्यांची लॉकंही आळसावली आहेत. दोन वेगळे दोष आहेत का? (वाचक, म्हापसा)

एकच असावा. या गाडीत इंजिन बंद करणं, दरवाज्यांची लॉकं आणि ब्रेकचा बूस्टर ही तिन्ही कामं एकाच व्हॅक्युम पंपावर चालतात. डिझेल इंजिनाला हवेची झडप नसते, त्यामुळे आपसूक व्हॅक्युम तयार होत नाही आणि पुढे बसवलेला पंप तो बनवतो. दरवाज्यातला रबरी पडदा फाटला की तिथून व्हॅक्युम गळतो आणि चावी फिरवल्यावर इंजेक्शन पंपाच्या मागच्या बंद करणाऱ्या डबीला पुरेशी ओढ मिळत नाही.

क्लच सोडून बंद करू नका, त्याने इंजिनाचे माउंटिंग तुटतात. बॉनेट उघडा, इंजिनावर ‘स्टॉप’ लिहिलेला लाल लिव्हर आहे, तो दाबून धरा. तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला दाखवून ठेवा.

शोध असा घ्या. लॉकांकडे जाणारी नळी इंजिनाच्या बाजूला काढून तिचं तोंड बंद करा. आता चावीने गाडी बंद झाली तर गळती दरवाज्यांत किंवा डिकीत आहे. मग एकेक दरवाजा वेगळा करून हाताच्या व्हॅक्युम पंपाने तपासायचा. नाही झाली तर इंजेक्शन पंपाकडे जाणारी तपकिरी नळी काढून तिचं टोक बघा. आत इंजिन ऑइलचा ओलावा असेल तर बंद करणाऱ्या डबीचा पडदा फाटला आहे. डबी बदलायची आणि नळीतलं ऑइल साफ करायचं, नाहीतर ते चावीच्या व्हॉल्व्हपर्यंत आणि तिथून पुढे लॉकांत पोचतं.

एवढं लांबण लावायचं कारण ब्रेक आहे. चोर्ला घाट उतरताना बूस्टर अर्धवट राहिला तर पायाला दुप्पट जोर लागतो. आणि व्हॅक्युम पंपाच्या बाजूने इंजिन चालू असताना खटखट ऐकू येत असेल तर गाडी तिथेच थांबवा. त्याचं बेअरिंग फुटलं की गोळ्या टायमिंग चेनमध्ये पडतात आणि पूर्ण इंजिन जातं.

याच इंजिनाच्या टॅपेटचं अंतर थंड असताना इनलेट ०.१० मिमी, एक्झॉस्ट ०.३० मिमी ठेवतात. दर २०-२५ हजार किलोमीटरना तपासा. हे इंजिन टॅपेटचा आवाज करत नाही. अंतर कमी होत जातं तसं ते गप्प राहून कॉम्प्रेशन घालवतं.

प्रश्न: बीएस-६ डिझेल आल्यापासून इंजेक्शन पंपाच्या शाफ्टमधून गळती सुरू झाली. टू-स्ट्रोक ऑइल मिसळू का? (वाचक, फोंडा)

गळतीवर ऑइल हा उपाय नाही. एप्रिल २०२०पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दर किलोला जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम असतं. गंधक काढताना इंधनाची घडण बदलते आणि पूर्वीच्या डिझेलमध्ये फुगून बसलेली जुनी नायट्राइल रबरं आकसतात. पंपवाल्याकडून सगळी सील व्हिटॉनची (इंधनात न बिघडणाऱ्या रबराची) बसवून घ्या. नवी सील बसवताना शाफ्टवर घर्षणाची खाच नखाला लागते का, ते तुमच्यासमोर बघायला सांगा. खाच असेल तर सील महिनाभरही टिकत नाही.

वंगणाचं म्हणाल तर शुद्धीकरणात नैसर्गिक वंगण जातं हे खरं, पण कंपन्या त्याची भर घालूनच डिझेल विकतात. भारतीय मानकात त्याची चाचणी आहे. सुस्थितीतल्या पंपाला वेगळं काही लागत नाही. मनाला बरं वाटत असेल तर ५० लिटरला २५० मिली कमी राखेचं टू-स्ट्रोक ऑइल चालून जातं, त्याहून जास्त नको. रॉकेल मात्र कधीच घालू नका. सीएव्ही किंवा व्हीई जातीच्या रोटरी पंपाला डिझेल हेच वंगण असतं आणि रॉकेलने त्याचा रोटर ओरखडतो.

प्रश्न: पावसाळ्यात गाडी उभी ठेवावी की चालवावी? दर वर्षी नवीन ठिकाणी गंज दिसतो. (वाचक, पेडणे)

चालवा. उभ्या गाडीचा ओलावा सुकत नाही, टाकीत पाणी साठतं, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात. जून ते सप्टेंबरमध्ये आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्या चार महिन्यांत झाकून ठेवलेली गाडी चवथीला बाहेर काढली की तिची दशा चाललेल्या गाडीपेक्षा वाईट निघते.

गंजाचं मूळ बहुतेक वेळा पाणी निघायच्या वाटांत सापडतं. पुढच्या काचेखालच्या जाळीत आंब्या-फणसाची पानं कुजतात, खालची वाट बुजते आणि पाणी डॅशबोर्डच्या मागून गालिच्याखाली उतरतं. दरवाज्यांच्या खालच्या कडेला भोकं असतात, ती लाल मातीने भरतात. माडाचा हीर घ्या आणि एकेक भोक मोकळं करा. लोखंडी तार घालू नका, ती आतला रंग खरवडते आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो. पहिला मोठा पाऊस झाला की गालिचा उचलून हात फिरवा. ओल लागली तर गालिचा सुकवण्याआधी वाट शोधा.

चाकांच्या कमानीच्या आतली दुमडलेली कड बोटाने तपासा, तिथे चिऱ्याची माती घट्ट बसते आणि आठवडाभर ओलावा धरते. पावसात दर आठवड्याला खालून गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी हे वर्षभर करावं.

दुरुस्तीचं काम फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना. तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक लावा, डब्यावर सांगितलेल्या वेळेनंतर धुऊन पूर्ण सुकवा, मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि रंग. पोकळ पट्ट्यांत नळीने मेण मारा. गंजावर थेट डांबर फासणं सगळ्यात वाईट. वरून काळं कुळकुळीत दिसतं आणि आत पत्रा सुखेनैव सडतो.

टाकी पावसाळ्यात अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री पाणी होऊन तळाशी बसते. फिल्टरखालचा नळ दर पंधरवड्याला काचेच्या बाटलीत सोडून बघा. पाणी खाली वेगळं दिसतं. दोन्हींच्या मध्ये काळपट शेवाळासारखा थर असेल तर टाकीत जंतू वाढले आहेत. टाकी उतरवून धुवावी लागेल, नुसता फिल्टर बदलून भागणार नाही.

आणि साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका. २४०डीच्या एका सिलिंडरचं घनफळ सुमारे ६०० सीसी, कॉम्प्रेशन २१ला १. म्हणजे पिस्टन वर गेल्यावर उरते ती जागा फक्त ३० मिली. एवढंसं पाणी एअर फिल्टरमधून आत गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. बाहेर ओढा, सगळे हीटर प्लग काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा. मग इंजिन, गियरबॉक्स आणि डिफरन्शियल तिन्हींचं ऑइल बघा. गरम डिफरन्शियल पाण्यात बुडाला की ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) पाणी ओढतो, आणि ताकासारखं झालेलं ऑइल महिनोन् महिने कुणी बघत नाही.

प्रश्न: मर्सिडीज ३००डी चोर्ला घाटात तापते. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, त्यानंतर जास्तच तापते. (वाचक, साखळी)

काढल्यामुळेच. या इंजिनाचा थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झालं की रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. काढून टाकला की बायपास कायम उघडा राहतो आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरतं. ८० अंशांचा नवा बसवा, आणि हवा निघायची छोटी झडप वरच्या बाजूला येईल असा.

मग मूळ तापण्याकडे वळा. रेडिएटरची जाळी इंजिनाच्या बाजूने हलक्या धारेने धुवा. पुढून मारली तर किडे आणि माती आतच रुततात. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने फिरवा. पंख्याचा विस्कस क्लच शाबूत असेल तर चांगला विरोध लागतो, भिरभिर फिरला तर क्लच गेला. पाणी विहिरीचं किंवा बोअरचं घालू नका. डिस्टिल्ड पाणी ६० टक्के, कुलंट ४० टक्के. आपल्याकडे गोठायची भीती नाही, कुलंट हवा तो गंज रोखायला.

काटा ११०कडे गेला तर बाजूला घ्या, इंजिन बंद न करता केबिनचा हीटर पूर्ण सोडा आणि काटा उतरू द्या. झाकण उघडायची घाई नको.

प्रश्न: अँबेसेडर २००० डीएसझेड घेतली. टायमिंगचा पट्टा बदलल्याची नोंद नाही, पण दिसायला चांगला आहे. (वाचक, डिचोली)

बदला, या आठवड्यातच. १९९५ सीसीच्या या इसुझू इंजिनाचं टायमिंग दातेरी पट्ट्यावर आहे आणि पट्टा वयानेही संपतो. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. टेन्शनरचं बेअरिंग आणि पुढची ऑइल सील त्याच वेळी घाला, कारण ऑइल लागलेला नवा पट्टाही टिकत नाही. नंतर पाच वर्षांनी किंवा ६०,००० किलोमीटरना, जे आधी येईल तेव्हा.

प्रश्न: घरची माडांची वाडी आहे. खोबरेल तेलावर डिझेल गाडी चालते असं ऐकलं. (वाचक, काणकोण)

१९००च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, त्यामुळे ही कल्पना जुनीच. पण खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडच्या रात्री त्याहून थंड असतात. सकाळी फिल्टरात लोण्याचा गोळा मिळेल. थिजलं नाही तरी तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असतं. रोटरी पंपाचा शाफ्ट त्या भाराने तुटतो, नोझलवर काजळी धरते, आणि रिंगांमधून खाली उतरलेलं तेल इंजिन ऑइलला डिंकासारखं करतं. थोडं मिसळूनही नको. टाकीत आधीच घातलं असेल तर पंप फिरवण्याआधी टाकी रिकामी करा, पाइप स्वच्छ डिझेलने धुवा आणि फिल्टर दोनदा बदला: एक लगेच, दुसरा २०० किलोमीटरनंतर.